लिफ्ट मारायची का मोठे टायर घालायचे? आधी गाडीखाली झोपून बघा

नवीन थार घेतली की पहिल्या महिन्यात सीट कव्हर, दुसऱ्या महिन्यात लाइटबार आणि तिसऱ्या महिन्यात आपल्या गड्याला झोप लागत नाही, कारण त्याला लिफ्ट मारायची, म्हणजे सस्पेन्शनमधनं गाडी उंच करायची असती. माझ्या एका दोस्ताचं असंच झालं. रात्री साडेअकराला फोन, भावा ३३ इंची टायर घालू का ३ इंच लिफ्ट मारू का दोन्ही करू. मी म्हटलं गाडी अडकली कुठं होती? तर म्हणतोय अडकली नाही अजून, ज्योतिबाला जाऊन आलोय फक्त. ज्योतिबाला एसटी जाती की रे.

तर हे त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठी लिहितोय. लिफ्टचं काम मी एकदा करून बघितलंय, पार फसलं, ते फसलेलं पण खाली सांगतो.

पहिली गोष्ट, लिफ्ट आणि टायर ही दोन वेगळी औषधं आहेत, दुखणं वेगळं असेल तर दुसरं औषध कितीबी घ्या गुण येणार नाही. लिफ्ट मारली की चॅसी आणि बॉडी वर जाती, चाक तिथंच राहतंय. आणि मागचा अ‍ॅक्सल चाकालाच जोडलेला असतोय, त्यामुळं त्याच्या मधोमध जो डिफरन्शिअलचा (ताकद दोन्ही चाकांना वाटणारा) गोळा लोंबतोय तो ३ इंच लिफ्ट मारली तरी जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतोय, एक सूत पण वर जात नाही. मारुतीच्या जिम्नीला तर पुढं पण सरळ अ‍ॅक्सल आहे, म्हणजे दोन्ही गोळे जागच्या जागी. थारला पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन, त्यामुळं पुढचा डिफ चॅसीबरोबर वर जातोय खरा, पण मग अ‍ॅक्सलच्या शाफ्टचा अँगल तिरका होतोय, त्याचं दुखणं वेगळं, येतो त्याच्यावर. मोठा टायर घातला तर मात्र सगळंच वर जातंय, अ‍ॅक्सल, गोळा, चॅसी, बॉडी, सगळं. पण किती वर? टायरची उंची जेवढी वाढली त्याच्या निम्मं. कारण निम्मी वाढ अ‍ॅक्सलच्या खाली आणि निम्मी वर.

हे निम्म्याचं गणित लोक विसरत्यात म्हणून आकडे मांडतो. थारचा १८ इंची रिमचा कंपनीचा टायर २५५/६५ आर१८. २५५ मिमी रुंदी, त्याच्या ६५ टक्के म्हणजे साधारण १६६ मिमी साइडवॉल (रिमपासून टायरच्या कडेपर्यंतची उंची), ती वर आणि खाली अशी दोनदा धरा, त्यात रिमचे ४५७ मिमी मिळवा, झाले ७८९ मिमी, म्हणजे ३१ इंचाला टेकलेलाच की तो. आता सगळ्यांना हवा असणारा २८५/७० आर१७ घ्या. त्याची साइडवॉल १९९.५, दोनदा ३९९, रिम ४३२, एकूण ८३१ मिमी, पावणेतेहतीस इंच. फरक ४२ मिमी, त्याचं निम्मं २१ मिमी. म्हणजे नवे रिम आले, पाच टायर आले, एवढं सगळं करून गोळ्याखाली जागा वाढली किती, तर आडवं एक बोट. ते एक बोट एखाद्या दगडावर लई मोलाचं असतंय, नाही म्हणत नाही, पण आधी माहिती पाहिजे की आपण एक बोट विकत घेतोय. जिम्नीवाले १९५/८० आर१५ काढून २१५/७५ आर१५ घालत्यात, त्यात गोळ्याखाली जागा वाढती ५ मिमी. पाच. बाकी सगळा दिसण्याचा मामला, आणि रुंद टायर दिसतोय भारी हे मला पण मान्य आहे.

आता आपली गाडी नेमकी कुठं लागतीय हे कसं ओळखायचं. मी चुन्याची आयडिया वापरतो, फुकटात होती. वॉशिंग सेंटरवर गाडी रॅम्पवर चढवायची, खालून स्वच्छ धुऊन घ्यायची, वाळू द्यायची आणि मग ब्रशनं पातळ चुना मारायचा, मागच्या गोळ्यावर, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) खालच्या पत्र्यावर, चॅसीच्या दोन्ही बाजूंना, दाराखालच्या पट्टीवर, पुढच्या आणि मागच्या बंपरच्या खालच्या कडेला. सायलेन्सरवर नको मारू, आणि रबरावर, केबलवर पण नको. मग आपण नेहमी जिथं जातो त्याच रस्त्यानं जाऊन यायचं. शेतातला रस्ता असेल तर तो, गगनबावड्याकडं एखाद्या वाडीला जात असाल तर ती वाट, उगाच चुना मारलाय म्हणून अवघड दगड शोधत फिरायचं नाही. परत आलं की खाली पोतं टाकून झोपा आणि टॉर्च मारून बघा. जिथला चुना खरवडून गेलाय तिथं तुमचं उत्तर आहे. संध्याकाळी चुना धुऊन टाका.

गोळ्यावरचा चुना गेलाय? मग लिफ्टचा विषय संपला, तुम्हाला टायरच पाहिजेत. आपल्याकडं उसाच्या रानातल्या वाटांवर हे लई होतंय, ट्रॅक्टर-ट्रॉलीनं दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या असत्यात आणि मधला वरंबा तसाच उभा, गोळा बरोबर त्या वरंब्यावर बसतोय आणि गाडी नांगर टाकल्यासारखी थांबती. (अशा वाटेवर एक चाक वरंब्यावर आणि एक चाक कडेच्या बांधावर ठेवून गेलं तर फुकटात काम होतंय, पण ते सुचायच्या आधीच सगळे चाकोरीत उतरलेले असत्यात.)

पोटाखालचा, चॅसीचा, दाराखालच्या पट्टीचा चुना गेलाय? मग लिफ्टला अर्थ आहे. चढ चढून एकदम माथ्यावर आलं की पुढची चाकं पलीकडं, मागची अलीकडं आणि पोट मध्ये टेकलेलं, हे दुखणं लांब गाडीला जास्त. थारचा व्हीलबेस २४५० मिमी, पाच दाराच्या जिम्नीचा २५९०, पाच दाराच्या थार रॉक्सचा २८५०. रॉक्स आणि थार शेजारी उभी करून बघा, पोटाखालून आरपार बघितलं की लगेच कळतंय कोण आधी टेकणार. पण इथं पण थांबा, पोट घासतंय म्हणजे लगेच लिफ्टच असं पण नाही, खाली जाड पत्र्याची स्किड प्लेट आणि बाजूला दाराखाली रॉक स्लायडर (जाड लोखंडी पट्ट्या) लावले की घासलं तरी फाटत नाही, सरकून जातंय. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्रा कापणारे, वाकवणारे, वेल्डिंगवाले पायलीला पन्नास आहेत, माप घेऊन केलं तर लिफ्टपेक्षा कमी झंझट. फक्त वजन वाढतंय ते ध्यानात ठेवा, आणि ऑइल काढायच्या बोल्टासाठी भोक ठेवायला सांगा, नाहीतर दर सर्व्हिसिंगला मेकॅनिक शिव्या घालतोय.

फक्त पुढच्या बंपरचा चुना गेलाय? थारचा अ‍ॅप्रोच अँगल कंपनीच ४१.८ डिग्री सांगती (म्हणजे बंपर न लागता केवढा चढ घेता येतोय तो कोन), तरी लागतोय म्हणजे एकतर तुम्ही खालच्या कडेला काहीतरी शोचं लावलंय किंवा खड्ड्यात नाकावर घालताय. आधी ते शोचं काढा.

आणि कुठलाच चुना गेला नाही पण गाडी चिखलात फिरत्या चाकानं जागेवर बसली? हे सगळ्यात जास्त होतंय, आणि ह्याला ना लिफ्ट लागती ना मोठा टायर. ह्याला पाहिजे कंपनीच्याच साइजचा चांगल्या गोट्यांचा एटी (ऑल टेरेन) टायर आणि हवा कमी करायची अक्कल. शहरात ३० च्या वर हवा असती ती चिखलात किंवा वाळूत १८ ते २० पीएसआयवर आणली की टायर जमिनीवर लांब पसरतोय आणि पकड कितीतरी वाढती, मी स्वतः बघितलंय, जी चढण तीनदा जमली नाही ती हवा काढल्यावर आरामात. पण बाहेर डांबरीवर आलं की आधी हवा भरायची मग निघायचं, तेवढ्या कमी हवेवर हायवेला ८० नं गेला तर टायर तापून फुटतोय. म्हणून १२ व्होल्टचा पंप गाडीत पाहिजेच, लाइटबारच्या आधी पंप.

चिखलावरून आठवलं, आपल्या जिल्ह्यात दोन तऱ्हेचा चिखल आहे आणि दोघांना टायर वेगळा लागतोय, हे बाहेरचे व्हिडिओ बघून कळत नाही. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा साइडला तांबडी जांभ्याची माती, वरचा थर साबणासारखा घसरडा पण चार बोटांखाली कठीण लागतंय. तिथं अरुंद टायर चांगला, तो वरचा लगदा कापून खाली जाऊन धरतोय, रुंद टायर वरच्या वरच स्केटिंग करतोय. आणि शिरोळकडं नदीकाठची काळी माती, ती खोल आहे, खाली कठीण काही लवकर लागतच नाही आणि टायरच्या गोट्यांत अशी भरून बसती की दोन वेढ्यांत एमटी (मड टेरेन, खास चिखलाचा) टायर पण गुळगुळीत होतोय. तिथं थोडा रुंद टायर, कमी हवा आणि न थांबता एका दमात जायचं. खरं सांगू का, पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात गाडी घालायचीच नाही, ट्रॅक्टरवाल्याला विचारा तो पण घालत नाही.

आणि पुराच्या पाण्याचं. मोठी गाडी केली म्हणजे बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना घालता येती असं काहीजण समजत्यात. थारला कंपनी ६५० मिमी पाणी सांगती, ते थांबलेल्या पाण्यात सावकाश जायचं माप आहे, पंचगंगेच्या वाहत्या पाण्याचं नाही. मोठ्या टायरमध्ये हवा जास्त मावती म्हणजे गाडी उलट लवकर तरंगाय लागती. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही.

आता माझं फसलेलं काम. थारच्या आधी माझ्याकडं जुनी बोलेरो होती, तिला मागं पाटे. मला वाटलं मागनं दोन इंच उचलू, एका गॅरेजला गेलो, तो म्हणाला लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी) टाकतो, अर्ध्या दिवसाचं काम. टाकले. पहिला धक्का हा की दोन इंच लांब शॅकल टाकला तर गाडी एकच इंच उचलती, कारण पाट्याचं दुसरं टोक तिथंच असतंय. दुसरा धक्का, ६० च्या पुढं गेलं की खालनं घर्र घर्र व्हायब्रेशन, कारण पाटा एका बाजूनं खाली गेल्यावर अ‍ॅक्सल फिरला आणि प्रॉपेलर शाफ्टचा अँगल बिघडला, नंतर पाट्याखाली निमुळतं पॅकिंग टाकून तो अँगल परत आणावा लागला. तिसरा, मागचं उचललं म्हणून पुढचं नाक खाली, त्यानं कॅस्टर (स्टेअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कोन) कमी झाला आणि स्टेअरिंग हायवेला भिरभिराय लागलं, सरळ धरून ठेवायला लागायचं, कागलला जाऊन यायचं म्हटलं तरी खांदे भरून यायचे. सहा महिन्यांनी सगळं काढून जुने शॅकल परत घातले. गॅरेजवाल्यानं काम वाईट केलं असं नाही, मी मागितलं ते त्यानं दिलं, मी विचारलंच नव्हतं की ह्यानं अजून काय काय हलतंय.

म्हणून लिफ्ट मारणाऱ्याला हे विचारा. स्प्रिंग बदलणार का नुसता स्पेसर टाकणार? स्पेसर स्वस्त, पण तो गाडी उचलतोय आणि चाक खाली लोंबायची जागा खातोय, म्हणजे खड्ड्यात चाक जमिनीला लागायच्या आधीच हवेत राहतंय, ज्याच्यासाठी लिफ्ट मारली तेच गेलं. शॉक अब्सॉर्बर लांब घेणार का जुनेच? ब्रेकचे होस पाइप चाक पूर्ण खाली सोडल्यावर ताणले जात नाहीत ना? थारला पुढं किती उचलणार, कारण शाफ्टचा अँगल जास्त झाला की त्याचं रबरी बूट फाटतंय, ग्रीस बाहेर, माती आत आणि जॉइंट गेला. जिम्नीला लिफ्ट मारली की पॅनहार्ड रॉडमुळं (धुरा चॅसीला आडवा बांधणारा दांडा) अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतोय, रॉड अ‍ॅडजस्टेबल देणार का? आणि शेवटी चाकांचे कोन, कॅस्टर, कॅम्बर, टो तिन्हीचं अलाइनमेंट करून प्रिंट हातात देणार का? ह्यातल्या दोन प्रश्नांना जर तो म्हणाला काय होत नाही ओ साहेब, तर चहा पिऊन परत या. माझ्या मतानं रोजच्या वापरातल्या गाडीला दीड-दोन इंचाच्या वर जायचं काही कारण नाही. गाडी उंच झाली की वळणावर जास्त झुकती, आणि आपण तर करूळ, भुईबावडा, फोंडा असल्या घाटांतनं कोकणात जाणारी माणसं, चार जण आणि टपावर सामान असताना ते झुकणं पोटात गोळा आणतंय.

मोठ्या टायरची पण किंमत फक्त टायरची नसती. मघाच्या ३१ वरनं पावणेतेहतीसवर गेलं की टायर साधारण ५ टक्क्यांनी मोठा, म्हणजे गिअर तेवढा लांब झाला, चढाला पहिला-दुसरा जास्त लागतोय, जिम्नीसारख्या दीड लिटर पेट्रोलला हे लगेच कळतंय, थार डिझेलला कमी कळतंय. स्पीडोमीटर ८० दाखवतोय तेव्हा तुमचा हिशोब ८४ चा झालेला असतोय. ओडोमीटर पण कमी मोजतोय, म्हणून अ‍ॅव्हरेज पडलं पडलं म्हणून बोंब मारायच्या आधी त्यात ५ टक्के मिळवा, मग जे उरतंय ते खरं पडलेलं. वजनदार चाक थांबवायला ब्रेकला जास्त ताकद लागती. स्टेपनी पण त्याच साइजची पाहिजे, फोर बाय फोरला वेगळ्या साइजचं एक चाक घालून फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद लावून) डांबरीवर पळवलं तर ट्रान्सफर केसला आतनं पीळ बसतोय. आणि मागच्या दारावर लटकवणार तर दाराच्या बिजागऱ्या ते वजन किती दिवस धरत्यात ते बघा. टायरवरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतोय त्याचा आकडा) कंपनीच्या टायरएवढा किंवा जास्तच हवा, सेकंडहँड घेताना हे कोण बघत नाही.

मोठा टायर बसतोय का हे विकत घ्यायच्या आधी कळतंय. ज्याच्याकडं तोच टायर-रिम आहे असा दोस्त गाठा, त्याचं एक चाक आपल्या गाडीला पुढं लावा, स्टेअरिंग फुल डावीकडं, फुल उजवीकडं, कुठं लागतंय बघा. मग तेच चाक एखाद्या पक्क्या ओट्यावर सावकाश चढवा म्हणजे स्प्रिंग दबती, आणि परत स्टेअरिंग फिरवा. पार्किंगमध्ये मोकळा दिसणारा टायर तिथं जाऊन आतल्या प्लास्टिकला किंवा चॅसीला घासतोय. थोडं प्लास्टिक घासत असेल तर कापून चालतंय, चॅसीला घासत असेल तर एक साइज खाली या, किंवा मग तेव्हा, आणि फक्त तेव्हा, थोडी लिफ्ट. म्हणजे बघा, लिफ्टचं खरं काम बऱ्याचदा टायरला जागा करून द्यायचं असतंय.

कायद्याचं पण ऐका. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतंय की आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीनं जसं बनवलंय त्यापेक्षा वेगळं मालकानं करायचं नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण तेच उचलून धरलं. कलम १८२अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सगळे करत्यात, कोण धरत नाही, हे मला पण माहितीय, पण अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिलं हेच बघतोय. म्हणून सगळ्यात बिनघोर वाट म्हणजे कंपनीनं त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला दिलेली साइज. थारचंच घ्या, १६ इंची रिमला २४५/७५ आणि १८ इंचीला २५५/६५, उंचीत १५ मिमीचा फरक फक्त, आणि १६ इंचीची साइडवॉल उंच म्हणून हवा कमी करून दगडात जायला तीच जास्त चांगली. लोक १६ वरनं १८ वर जात्यात दिसायला, मी उलटं सांगतो.

माझी आत्ताची थार विचाराल तर लिफ्ट शून्य. १६ इंची रिम, कंपनीच्या साइजचे एटी टायर, खाली स्किड प्लेट, पंप, पुढं-मागं टोइंग हूक आणि एक चांगला काइनेटिक दोर (अडकलेली गाडी ओढायचा ताणणारा दोर). मोठा टायर घालायचं मनात होतं, पण आई अंबाबाईला जायला निघाली की दोन्ही हातांनी हँडल धरून चढती, तिला अजून एक इंच वर चढवायचं म्हणजे घरात स्टूल घेऊन फिराय लागणार. हा मुद्दा कुठल्या व्हिडिओत येत नाही, पण गाडी आठवड्यातनं सहा दिवस घरच्यांसाठी असती.

तरी ज्यानं ठरवलंच आहे त्यानं काम झाल्यावर एवढं करा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट परत पान्यानं आवळून घ्या, नवीन रिम असेल तर नक्कीच. ५०० किलोमीटरनंतर अलाइनमेंट परत तपासा, नवीन स्प्रिंग थोड्या बसत्यात. पुढच्या शाफ्टचे बूट आणि ब्रेक होस खाली झोपून बघा. आणि हेडलाइट खाली घ्या, गाडीचं नाक उचललं की लाइटचा झोत पण उचलला जातोय, रात्री कारखान्याकडं ऊस घेऊन चाललेल्या ट्रॅक्टरवाल्याच्या थेट डोळ्यात, त्याच्यामागं दोन ट्रॉल्या असत्यात आणि ब्रेक त्याच्याकडं तसापण बेताचाच असतोय.